वॉर्सा ते बियाविस्टॉक, व्हाया येडवाब्ने

गुरुवार, वॉर्सा

धाकटी बहीण मनू वॉर्सात आयटीत आहे, तिच्याकडे जुलैअखेरीला गेलो होतो. सगळे क्राकोव आणि ऑशविट्झ करतात, आम्हाला ते आधीच झालेलं, म्हणून ह्यावेळी गाडी भाड्याने घेऊन पूर्वेकडे जायचं ठरवलं. मुख्य म्हणजे येडवाब्ने बघायचं होतं, जिथे १९४१ मध्ये गावातल्या ज्यूंना कोठारात कोंडून जाळलं. मनूच्या ऑफिसातल्या पोलिश मित्राने नाव ऐकल्यावर "तिथे का?" एवढंच विचारलं आणि विषय बदलला म्हणे.

निघायच्या आधी वॉर्सातलं एक काम होतं. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे पोलंड म्हणलं की आमच्या डोक्यात पहिलं येतं ते वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात साधारण ५ हजार पोलिश माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये राहिली. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं, जिथं आज अख्खा जिल्हा कापड खरेदीला जातो. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे, आमच्या आजोबांचं शाहूपुरीत दुकान होतं आणि ते सांगायचे की त्या बायका घासाघीस मराठीत करायच्या. तर ह्या कॅम्पची आठवण म्हणून वॉर्सात मोंते कासिनो स्मारकाजवळ एक फलक आहे, कोल्हापूरचं नाव असलेला. परक्या शहरात आपल्या गावाचं नाव बघून बरं वाटतं हे खोटं का बोला. फोटो काढले, आईला पाठवले.

हे सगळं सांगायचं कारण आहे. ती माणसं कोल्हापूरपर्यंत आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनने पोलंड अर्धा अर्धा वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग सोव्हिएतकडे गेला आणि फेब्रुवारी १९४० पासून त्यांनी घरंच्या घरं उचलून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात पाठवली. त्यातून जी वाचली ती इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. येडवाब्ने ह्याच सोव्हिएत पट्ट्यातलं गाव. म्हणजे आमच्याकडे आलेल्या माणसांचं दुःख आणि येडवाब्नेत जे झालं ते एकाच दोन वर्षांच्या काळातलं आहे, आणि आम्हाला त्यातलं एकच माहीत होतं.

दुपारी पोलिन म्युझियम केलं, पोलंडमधल्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचं. युद्धाआधी देशात ३३ लाखांच्या आसपास ज्यू होते, म्हणजे दहातला एक माणूस, आणि त्यातले जवळजवळ नव्वद टक्के मारले गेले. म्युझियमला निदान अर्धा दिवस ठेवा.

शुक्रवार, ट्रेब्लिंका आणि वॉम्झा

सकाळी निघून ट्रेब्लिंका, ज्यूंना मारण्यासाठीच जर्मनांनी उभारलेली छावणी. वॉर्सापासून दीड-दोन तास. इथे काही उरलेलं नाही, जर्मनांनी १९४३ मध्ये सगळं पाडून, नांगरून टाकलं होतं. आता जंगलातल्या मोकळ्या जागेत १७ हजार खडबडीत दगड उभे केलेत, काहींवर गावांची नावं आहेत, त्या त्या गावातून माणसं आणली म्हणून. जुलै १९४२ पासून सव्वा वर्षात आठ-नऊ लाख माणसं इथे मारली. माणसाचं नाव असलेला दगड एकच, यानुश कोर्चाक, वॉर्सा घेट्टोतल्या अनाथाश्रमाचे डॉक्टर, जे पोरांना सोडून जायला तयार झाले नाहीत आणि त्यांच्याबरोबरच इथे आले. त्याच्या तीनेक आठवडे आधी त्यांनी त्या पोरांकडून रवींद्रनाथांचं एक नाटक बसवून घेतलं होतं. मनूला हे माहीत नव्हतं, ती बराच वेळ गाडीत गप्प होती.

ट्रेब्लिंका ही कारखान्यासारखी यंत्रणा होती. रेल्वे, वेळापत्रक, एसएस (नाझींचं निमलष्करी दल), गॅस. मी मुद्दाम हे आधी ठेवलं होतं कारण येडवाब्ने बरोब्बर उलटं आहे, तिथे यंत्रणा कसलीच नव्हती.

संध्याकाळी वॉम्झाला मुक्काम, नारेव नदीकाठचं टुमदार शहर. एका घरगुती गेस्टहाऊसमध्ये उतरलो, मालकीणबाई सत्तरीच्या. इंडिया म्हणल्यावर खूष, आणि मनूने मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये कोल्हापूर-वळिवडे सांगितल्यावर तर बाईंनी चक्क हात धरला. त्यांच्या सासूची बहीण एप्रिल १९४० मध्ये पोरांसकट कझाकस्तानात गेली होती, एक पोर वाटेतच गेलं. महाराजांची गोष्ट (जामनगरच्या जामसाहेबांची, ज्यांनी पोलिश पोरांना आसरा दिला) त्यांना पाठ होती. जेवायला कार्ताचे केले होते, म्हणजे बटाट्याचे मोठे लांबट गोळे, आत खिमा. मनू व्हेज म्हणून तिला वेगळे पिएरोगी करून दिले, आग्रह करून करून वाढले, आपल्याकडे पाहुण्याला वाढतात तसंच.

मग विचारलं, उद्या कुठे? मनू म्हणाली येडवाब्ने.

बाई ताटं उचलायला लागल्या. "ते जर्मनांनी केलं," म्हणाल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या की इथे बघण्यासारखं खूप आहे, ब्येब्झाच्या दलदलीत जा, हरणं-पक्षी बघा, आणि लिहायचंच असेल तर सायबेरियाचं लिहा, त्याचं कोणी लिहीत नाही. ह्या शेवटच्या वाक्यावर मला बोलता येईना कारण ते खरंच आहे, जगात फार कमी लोकांना ते माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे ते केवळ कोल्हापूरचे म्हणून.

शनिवार, येडवाब्ने

वॉम्झाहून वीस किलोमीटर. शेतं, गाईगुरं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची मोठाली घरटी. गाव छोटंसं, हजार-दीड हजार वस्तीचं, मधोमध चौक, चौकात झाडं आणि बाकं, वर दोन मनोऱ्यांचं लाल विटांचं चर्च. आम्ही पोचलो तेव्हा शनिवारची खरेदी चालू होती, माणसं पिशव्या घेऊन फिरत होती, कोणी आमच्याकडे टक लावून बघत होतं असं काही नाही. मनूला उगीच भीती वाटत होती.

१९२१ च्या जनगणनेत गावात ७५७ ज्यू होते, म्हणजे शंभरात बासष्ट. हे ज्यूंचंच गाव होतं म्हणायला हरकत नाही, शिंपी, चांभार, दुकानदार, गाडीवान. आज एकही नाही.

झालं काय ते जेवढं नक्की आहे तेवढं सांगतो. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएतवर हल्ला केला आणि दोन-तीन दिवसांत हा भाग जर्मनांच्या हातात आला. त्याच्या दोनच दिवस आधी, २० जूनला, सोव्हिएतची हद्दपारीची शेवटची लाट ह्याच भागातून गेली होती, त्यामुळे लोक पेटलेले होते. आणि गावोगाव एकच बोलणं होतं की ज्यूंनी रशियनांना साथ दिली, आपली नावं त्यांनीच कळवली. काही ज्यू सोव्हिएत पोलिसात, कचेरीत होते, हे खरं. काही पोलिशही होते हेही खरं, आणि हद्दपार झालेल्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते हे तर कोणी बोलतच नाही. २९ जूनला नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख ह्याने आपल्या पथकांना लेखी कळवलं की स्थानिक लोक ज्यूंविरुद्ध उठत असतील तर अडवू नका, उलट चेतवा, पण आपला हात दिसू देऊ नका. मग ज्यूंच्या कत्तली झाल्या, ५ जुलैला वॉन्सोश गावात, ७ जुलैला राजिवूफमध्ये, आणि १० जुलैला, गुरुवारी, इथे.

सकाळपासून आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं बैलबाजाराला यावीत तशी घोडागाड्या घेऊन आली. महापौर होता मारियान कारोलाक. घरोघरी जाऊन ज्यूंना चौकात आणलं, म्हणजे आम्ही जिथे बाकावर बसून पाणी पीत होतो तिथेच. त्यांना फरशीच्या फटींतलं गवत उपटायला लावलं. उन्हात, मारत मारत. सोव्हिएतनी उभारलेला लेनिनचा पुतळा होता तो काही पुरुषांकडून फोडून घेतला, तुकडे उचलून मिरवायला लावले, पुढे गावचे राबाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. चाळीस-पन्नास जणांचा हा पहिला गट मारून गावाबाहेरच्या एका धान्याच्या कोठारात खड्ड्यात टाकला, वर लेनिनचे तुकडे. मग उरलेल्यांना, म्हातारे, बायका, तान्ही पोरं, चौकातून त्याच कोठाराकडे हाकत नेलं. कोठार ब्रोनिस्वाव श्लेशिन्स्की नावाच्या शेतकऱ्याचं. दार बंद केलं, रॉकेल ओतलं आणि पेटवून दिलं.

मी हे चौकात बसून मनूला वाचून दाखवत होतो (फोनवर नोट्स काढून ठेवल्या होत्या), ती मधेच म्हणाली, "दादा, बास की." मग आम्ही चालायला लागलो.

चौकापासून कोठाराची जागा पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हे अंतर चालून बघाच, गाडीने जाऊ नका. दोन्ही बाजूला घरं, मग घरं विरळ होतात, मग शेतं. एवढ्या वाटेने काहीशे माणसं नेली आणि वाटेवरच्या प्रत्येक घराला खिडकी आहे. ट्रेब्लिंकात मला जे कळलं नव्हतं ते इथं कळलं. तिथं मारणाऱ्याला मरणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, इथं माहीत होतं. कोणाकडे कोट शिवला, कोणाकडून उधारीवर मीठ नेलं, शाळेत कोण कुणाच्या बाकावर, सगळं.

स्मारक म्हणजे दगडी चौथरा, त्यात मधोमध जळक्या लाकडाच्या फळ्या बसवल्यात, आणि कोठार जिथे होतं ती जागा दगडांनी आखून ठेवलीये. वर ज्यू पद्धतीप्रमाणे लोकांनी छोटे खडे ठेवलेले. पोलिश, हिब्रू आणि यिडिशमध्ये मजकूर आहे: येडवाब्ने आणि परिसरातल्या ज्यू पुरुष, स्त्रिया, मुलांच्या, ह्या भूमीच्या सहरहिवाशांच्या स्मृतीला, ज्यांना १० जुलै १९४१ ला इथे ठार केलं, जिवंत जाळलं. कोणी, ते लिहिलेलं नाही. आधी इथे जो दगड होता त्यावर लिहिलेलं होतं, गेस्टापो आणि हिटलरच्या पोलिसांनी १६०० जणांना जाळलं असं. तो २००१ मध्ये काढला. म्हणजे जेव्हा खोटं होतं तेव्हा कर्ता होता, आणि खरं कळल्यावर कर्ताच गाळला. तिन्ही भाषांत नीट जुळवून लिहिलेल्या ह्या मजकुरामागे किती बैठका झाल्या असतील देव जाणे.

खरं कळलं म्हणजे काय, तर कागद आधीपासून होतेच. श्मुल वासेरश्टाइन नावाच्या वाचलेल्या माणसाने १९४५ मध्येच जबानी दिलेली होती. १९४९ ला वॉम्झात खटला झाला, २२ जण पिंजऱ्यात, १२ जणांना शिक्षा, त्यातली एक फाशी होती तीही पुढे कमी झाली. मग पन्नास वर्षं शांतता. २००० साली यान ग्रॉस ह्या इतिहासकाराचं छोटंसं पुस्तक आलं आणि अख्ख्या देशात हलकल्लोळ माजला. सरकारी इतिहास संस्थेने, म्हणजे आयपीएनने, तपास केला, वकील रादोस्वाव इग्नात्येव. निष्कर्ष असा की चिथावणी जर्मनांची, प्रत्यक्ष हात स्थानिक पोलिश माणसांचे, निदान चाळीस जण, आणि बळी निदान ३४०. २००१ मध्ये थोडं उत्खनन झालं होतं पण ज्यू धर्मात मृतांना हलवत नाहीत म्हणून ते अर्धवट थांबवलं, त्यामुळे पक्का आकडा कधीच कळणार नाही. आता १६०० नव्हे ३४० म्हणून काही लोक विजय झाल्यासारखं बोलतात, मला त्यातलं गणित काही कळत नाही.

१० जुलै २००१ ला राष्ट्राध्यक्ष क्वाश्न्येव्स्की इथे आले आणि त्यांनी स्वतःच्या आणि ज्यांचं मन ह्या गुन्ह्याने हललं अशा पोलिशांच्या नावाने माफी मागितली. गावातले बहुतेक लोक आलेच नाहीत, पाद्रीही नाही. तेव्हाचे महापौर गॉदलेव्स्की ठामपणे स्मारकाच्या बाजूने उभे राहिले, त्यांना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. २०११ मध्ये कोणीतरी स्मारकावर स्वस्तिक (नाझींचं) काढून "येडवाब्नेबद्दल माफी नाही" आणि "ते ज्वालाग्राही होते" असं रंगवून ठेवलं.

आणि २०२५ ची भर. आम्ही जायच्या दोनेक आठवडे आधी, ८४ व्या स्मृतिदिनाला, स्मारकाशेजारच्याच जमिनीवर मोठमोठे दगड आणून बसवलेत, सात आहेत, प्रत्येकावर फलक, पोलिशमध्ये आणि इंग्रजीतही, म्हणजे आमच्यासारख्यांनी वाचावं म्हणून. मजकूर असा की हे जर्मनांनीच केलं, पोलिशांवर नाहक आळ आलाय, वगैरे. स्मृतिदिनाला आलेल्या लोकांच्या गाड्याही त्या दिवशी अडवल्या गेल्या, पुढारी होता ग्शेगोश ब्राउन, युरोपियन संसदेतला अतिउजवा पोलिश खासदार. दगड चांगले भक्कम आहेत, फलक स्वच्छ, वाचायला सोपे. माहिती नसलेला माणूस इथे आला तर कर्ता नसलेलं स्मारक आणि शेजारी कर्ता छापलेले सात दगड, तो काय समजून जाईल तुम्हीच बघा.

रस्त्याच्या पलीकडे जुनी ज्यू दफनभूमी आहे, झाडोऱ्यात बुडालेली. आत जाऊन चार-दोन कलंडलेले दगड दिसले, डास फार.

एक माणूस मात्र सांगायलाच हवा. जवळच्याच यान्चेव्को खेड्यात अंतोनिना विझिकोव्स्का नावाची शेतकरीण होती. तिने नवऱ्याबरोबर सात ज्यूंना, त्यात तो श्मुल पण होता, नोव्हेंबर १९४२ पासून जानेवारी १९४५ पर्यंत गोठ्याखाली खड्डा करून लपवलं. जर्मनांना सापडले तर घरासकट मरण, अशी तेव्हा शिक्षा होती. जर्मन गेले, सातही जण वाचले, आणि मग काय झालं? गावातल्या राष्ट्रवाद्यांनी घरात शिरून तिला मारहाण केली, ज्यू लपवलेस म्हणून. तिला गाव सोडावं लागलं. इस्रायलने १९७६ मध्ये तिला सन्मान दिला. अशा सन्मानित पोलिशांचा आकडा ७ हजारांच्या वर आहे, जगात सगळ्यात जास्त, आणि पोलंडमध्ये हा आकडा प्रत्येक जण सांगतो, गेस्टहाऊसच्या बाईंनीही सांगितला. पण विझिकोव्स्काला मारहाण केली कोणी, ते त्या आकड्यात येत नाही.

रात्री परत त्याच गेस्टहाऊसमध्ये. बाईंनी विचारलं, नवीन दगड वाचलेत का? वाचले म्हणलं. मनू त्यांना काहीतरी सांगायला लागली होती विझिकोव्स्काचं, पण तिची पोलिश तिथवर पुरेना, आणि बाईंना इंग्रजी येत नव्हतं. सकाळी निघताना त्यांनी डब्यात चीजकेक बांधून दिला. वाईट बाई म्हणून मला सांगताच येणार नाही, तिचं दुःख खोटं नाही, वळिवड्याला आलेल्या बायकांचंही नव्हतं. फक्त त्या दुःखाची भिंत करून तिच्या मागे हे कोठार लपवलंय.

रविवार, राजिवूफ आणि टिकोचिन

राजिवूफमध्ये अर्धा तासच थांबलो. इथेही कोठार, इथेही जाळलं, येडवाब्नेच्या तीन दिवस आधी. पण इथल्या स्मारकावर अजून जुनाच मजकूर आहे: ऑगस्ट १९४१ मध्ये फॅसिस्टांनी ८०० ज्यूंना मारलं, ५०० जणांना कोठारात जाळलं. महिनाही चुकीचा आणि करणारेही. येडवाब्नेवर जगभर बोललं गेलं म्हणून तिथला दगड बदलला, राजिवूफला कोणी येत नाही म्हणून राहिला असं वाटतं. चर्चमधून माणसं बाहेर पडत होती, आइस्क्रीमवाल्याकडे रांग.

तिथून टिकोचिन. ह्या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात देखणं गाव, नदीकाठी, १६४२ चं सिनेगॉग, आत भिंतींवर हिब्रू प्रार्थना रंगवलेल्या, आता म्युझियम आहे. मला आपलं अलिबागचं सिनेगॉग आठवलं. कोकणातले शनवार तेली, म्हणजे आपल्याकडचे बेने इस्रायल ज्यू, शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले आणि त्यांच्या वाट्याला असलं काही आलं नाही, बहुतेक जण पुढे स्वतःहून इस्रायलला गेले. टिकोचिनच्या दीड-दोन हजार ज्यूंना २५ आणि २६ ऑगस्ट १९४१ ला जवळच्या वोपुखोवोच्या जंगलात नेऊन जर्मनांनी गोळ्या घातल्या. खड्ड्यांना आता कुंपण आहे, इस्रायली शाळांच्या सहली येतात, झाडांना मेणबत्त्या आणि निळे-पांढरे झेंडे बांधलेले. इथे कोणी वाद घालत नाही कारण इथे करणारे परके होते, वाटेवर पाटी आहे, पार्किंग आहे.

सोमवार, बियाविस्टॉक

शेवटचा दिवस, गाडी इथेच परत करायची होती. २७ जून १९४१ ला जर्मन पोलीस बटालियन ३०९ ने इथल्या मोठ्या सिनेगॉगमध्ये निदान ७०० जणांना कोंडून जाळलं. त्याच्या घुमटाचा वाकडातिकडा लोखंडी सांगाडा स्मारक म्हणून ठेवलाय, सरकारी कचेऱ्यांच्या मधल्या अंगणात, शोधावा लागतो. म्हणजे कोठार पेटवायची युक्ती येडवाब्नेकरांच्या डोक्यातून निघालेली नव्हे, दोन आठवडे आधी ह्या भागातल्या सगळ्यात मोठ्या शहरात ती करून दाखवलेली होती. जर्मनांनीच केलं म्हणणारे हे उदाहरण देतात. देऊ देत. शिकवणारा वेगळा होता म्हणून रॉकेल आणणारे हात बदलत नाहीत.

दुपारी झामेनहॉफचं गाव म्हणून भटकलो, एस्पेरांतो भाषा बनवणारा तो इथलाच, १८५९ चा जन्म. पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारी माणसं एकाच बाजारात भांडतात म्हणून त्याने सगळ्यांसाठी एक भाषा केली. त्याच्या तिन्ही मुलांना जर्मनांनी मारलं.

जायचं असेल त्यांच्यासाठी: वॉम्झा ते येडवाब्ने बस आहेत पण शनिवार-रविवार भरवसा नाही, गाडीच बरी. येडवाब्नेत म्युझियम नाही, गाईड नाही, आधी वाचून जा, आणि स्मारकाजवळचे फलक कोणाचे आहेत ते बघून मग वाचा. व्हेज लोकांनी पिएरोगी रुस्किये मागावे, बटाटा-चीजचे, सगळीकडे मिळतात. बियाविस्टॉकहून वॉर्साला ट्रेन सव्वादोन तासांत पोचवते, मनू पूर्ण वेळ झोपली होती.